पाण्याजवळचा टू बीएचके

“पाण्याजवळ घर हवंय,” मी फोनवर म्हटलं.

“मॅडम, पाण्याचं टेन्शनच घेऊ नका,” एजंट म्हणाला. “बोअर आहे, पाच हजार लिटरची टाकी आहे, आणि नळाला नाहीच आलं तर टँकर अर्ध्या तासात दारात.”

हा जळगावचा. धुळ्याच्या एजंटने तर मला पाण्याचं अख्खं टाइमटेबलच ऐकवलं. कुठल्या वॉर्डात किती दिवसांनी येतं, पहाटे येतं की रात्री, मोटर लावल्याशिवाय चढतं की नाही. भुसावळचा सगळ्यात प्रामाणिक निघाला. त्याने विचारलं, “पाण्याजवळ म्हणजे नेमकं कशाजवळ?” मी म्हटलं, “तापीजवळ.” तो दोन सेकंद गप्प. मग हळूच म्हणाला, “मॅडम, स्मशानाच्या साइडला फ्लॅट नाहीत हो.”

यात त्या तिघांचा काही दोष नाही. मे महिना, पारा चव्वेचाळीसच्या वर, दुपारी दोनला रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. अशा वेळी खानदेशात ‘पाणी’ या शब्दाला एकच अर्थ असतो आणि तो नळातून, टँकरमधून नाहीतर माठातून येतो. मला हवं होतं ते वेगळंच. मला वल्हं मारायला पाणी हवं होतं.

झालं असं की नवऱ्याच्या बँकेने बदलीचा फॉर्म दिला. तो फॉर्म भरताना ‘पसंतीची तीन ठिकाणं’ असा एक रकाना असतो. आम्ही पुण्याला कंटाळलो होतो. मी फ्रीलान्सर, म्हणजे लॅपटॉप, नेट आणि चहा मिळाला की माझं ऑफिस सुरू. माझं माहेर जळगाव. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून आई एकटी. तेव्हा खानदेशात यायचं, एवढं न बोलता ठरलं होतं. प्रश्न होता कुठे. जळगाव, धुळे आणि भुसावळ, तिन्हीकडे जागा होत्या. क्रम आम्ही लावायचा.

आता तुम्ही म्हणाल, यात विचार काय करायचा? शाळा, मार्केट, हॉस्पिटल बघायचं, भाडं बघायचं, मोकळं व्हायचं. सगळे तेच करतात. पण आमच्याकडे एक कॅनो आहे.

फुगवायची, दोन सीटची, एका मैत्रिणीने देश सोडताना अर्ध्या किमतीत दिलेली. हवा काढली की पोत्याएवढ्या बॅगेत बसते, आणि पायपंपाने दहा-बारा मिनिटांत (आणि एका शर्टभर घामात) पुन्हा होडी होते. ‘कॅनो की कयाक?’ हा प्रश्न आम्हाला प्रत्येक काठावर विचारला जातो, म्हणून इथेच सांगून टाकते. कयाकमध्ये पाय पुढे सोडून बसायचं आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं. कॅनोच्या वल्ह्याला एकच पातं; शर्यतीत तर एका गुडघ्यावर उभं राहून ते मारतात. दोन्ही प्रकार १९३६ पासून ऑलिम्पिकमध्ये आहेत. बायकांना कॅनोमध्ये उतरायला मात्र टोकियोपर्यंत, म्हणजे थेट २०२१ पर्यंत थांबावं लागलं. का, ते मला विचारू नका.

आम्ही काही खेळाडू नाही. पुण्यात १८६८ पासूनचा बोट क्लब आहे, सीओईपीची मुलं नदीवर रेगाटा करतात, ते सगळं आम्ही पुलावरून बघितलेलं. आमचं आपलं शनिवारी सकाळी एखाद्या धरणाचं बॅकवॉटर गाठायचं, दोन तास वल्हवायचं, मिसळ खायची आणि घरी. पण त्या दोन तासांची एक गंमत आहे. कॅनोमध्ये पुढे बसणाऱ्याला मागच्याचा चेहरा दिसत नाही. मोबाइल वॉटरप्रूफ पाऊचमध्ये बंद. उठून दुसऱ्या खोलीत जायची सोय नाही, आणि भांडून वल्हं टाकलं तर दोघंही गोल गोल फिरता. त्यामुळे घरात ज्या गोष्टी बोलल्या जात नाहीत त्या तिथे बोलल्या जातात. बाबांच्या आजारपणाचा हिशेब, मूल हवं की नको, त्याचं कर्ज, माझे थकलेले चेक, सगळं आम्ही पाण्यावर बोललोय. म्हणून घर निवडताना कॅनोचा विचार करायचा, हे मला अजिबात चैनीचं वाटलं नाही. काही लोक घर निवडताना देऊळ बघतात. तसंच.

आणि अंतर हा यातला खरा व्हिलन. पुण्यात पहिल्या वर्षी आम्ही अकरा वेळा पाण्यावर गेलो, दुसऱ्या वर्षी चार वेळा. आवड तेवढीच होती, ट्रॅफिक वाढलं होतं. घरातून निघून काठाला पोहोचायला दीड तास लागत असेल तर आदल्या रात्रीच मन म्हणतं, जाऊ दे, पुढच्या शनिवारी. जिम, पोहणं, गिटारचा क्लास, सगळ्यांना हाच नियम लागू आहे. फरक एवढाच की जिम तुमच्या कॉलनीत उघडू शकते. नदी नाही उघडत.

कुणाला ही अतिशयोक्ती वाटेल. पण २०२३ च्या हँगझोऊ एशियाडमध्ये भारताला कॅनो डबलमध्ये ब्राँझ मिळालं, या खेळातलं १९९४ च्या हिरोशिमानंतरचं पहिलंच पदक. अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम ही ती जोडी. त्यातला सुनील मणिपूरच्या मोइरांगचा, लोकटाक सरोवराच्या काठचा. आता तोच मुलगा चाळीसगावात जन्मला असता तर क्रिकेट खेळला असता, नाही का? (याच्या उलट उदाहरणही आहे, तेही आमच्या शेजारचंच. त्याच्याकडे येतेच.)

तर आम्ही शास्त्रशुद्ध पद्धतीने निघालो. मे महिन्यातच, कारण उन्हाळ्यात जिथे पाणी उरतं तेच खरं पाणी. पावसाळ्यात काय, आमच्या गल्लीतही कॅनो चालते.

पहिला नंबर जळगाव. जळगावात पाणी म्हटलं की मेहरूण. बोरांसाठी प्रसिद्ध, त्या बोरांची चव ज्याने हिवाळ्यात घेतली आहे त्याला बाकीची बोरं म्हणजे नुसता कचरा. तलावाभोवती सकाळी सगळं शहर चालायला येतं. ट्रॅकसूटमधले डॉक्टर, साडीवर स्पोर्ट शूज घातलेल्या काकू, आणि पाण्याकडे पाठ करून फोनवर प्लॉटचे सौदे करणारे काका. आईच्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटं. भाड्याचे फ्लॅटही त्या बाजूला भरपूर. कागदावर मेहरूणला तोड नव्हती.

पण तलावात वल्हवणं आणि तलावाकाठी राहणं, यांत फरक आहे. एकतर जागा लहान. दोन फेऱ्या मारल्या की काठावरच्या प्रत्येकाचा चेहरा पाठ. दुसरं, गणपतीचं विसर्जन तिथेच होतं, त्यानंतर पाण्यात काय काय असतं ते विचारू नये. आणि तिसरं, प्रेक्षक. परवानगीची चौकशी करायला मी एका कार्यालयात गेले. (कुठल्या, ते सोडा.) तिथे झालेला संवाद जसाच्या तसा:

“कार्यक्रम कोणता आहे?”

“कार्यक्रम नाही. आम्ही दोघंच.”

“मग उद्घाटन?”

“नाही हो. फक्त आम्ही, आमची होडी.”

“पण मग कशासाठी?”

या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे आजही नीट उत्तर नाही.

जळगावची दुसरी नदी वाघूर. ही माझी लाडकी, कारण तिच्यासारखा प्रवास कुणाचा नाही. अजिंठ्याच्या लेण्यांसमोर जो घोड्याच्या नालेसारखा वळणदार दगडी कडा आहे, तो हिनेच कोरलेला. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खू जिच्या काठी राहायला आले, तीच पुढे धरणात अडते आणि जळगावकरांच्या नळाला येते. म्हणजे आपण रोज सकाळी अजिंठ्याच्या पाण्याने दात घासतो! वाघूरचं धरण आम्ही यादीत ठेवलं. अजूनही आहे.

उरली गिरणा. शहराच्या पश्चिमेला, सगळ्यात जवळची नदी. आणि तीच आमच्या घरात बोलायची नाही अशी नदी.

आईचा धाकटा भाऊ गिरणेत गेला. मी जन्मायच्या आधी. एकोणीस वर्षांचा होता, पोळ्याच्या दिवशी बैल धुवायला नेले होते. पट्टीचा पोहणारा. गावातली सगळी पोरं विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून नाहीतर केळीच्या खांबांना धरून पोहायला शिकायची; हा डब्याशिवाय शिकला, असं आजी सांगायची. त्या दिवशी गावात पावसाचा टिपूस नव्हता, ऊन पडलं होतं. पण गिरणेला पाणी गावच्या पावसाने येत नाही. ते वरून येतं, नाशिक जिल्ह्यातून, नांदगाव तालुक्यातल्या गिरणा धरणातून सोडलेलं. १९६९ साली धरण झालं, तेव्हापासून नदीचा स्वभावच बदलला. महिनोन् महिने कोरडी आणि मग एकदम छातीएवढी. बैल निघाले. मामा नाही निघाला.

आता तर गिरणा आणखी फसवी झाली आहे. वाळू उपसून उपसून पात्रात खड्डे पडलेत. वरून सपाट दिसणारं गुडघाभर पाणी दोन पावलांवर पुरुषभर खोल होतं. बुडाल्याच्या ज्या बातम्या आपण चहा पिता पिता वाचतो, त्यांतल्या कित्येकांचं मूळ या खड्ड्यांत असतं, लाटांत नाही. आम्ही गिरणा यादीत लिहिलीच नाही. पण आईला कॅनोचं काय सांगायचं, हा प्रश्न तिथूनच निघाला. पुण्यात असताना ते सोपं होतं. ‘कुठे होतात सकाळपासून?’ ‘फिरायला.’ बस. जळगावात बूट ओले घेऊन घरी गेलं की ‘फिरायला’ चालणार नव्हतं.

दुसरा नंबर धुळे. नवऱ्याचं मत आधीपासून धुळ्याकडे झुकलेलं. त्याचं कारण धुळ्यात नव्हतंच, ते मध्य प्रदेशात होतं. आग्रा रोडने सेंधव्याचा घाट चढून गेलं की सुमारे दोनशे किलोमीटरवर महेश्वर. अहिल्याबाईंचं महेश्वर, साड्यांचं महेश्वर, आणि आता कॅनोचंही. नर्मदा तिथे सहस्रधारा नावाच्या ठिकाणी खडकांतून शेकडो धारांनी धावते. २०२३ च्या खेलो इंडिया युथ गेम्समध्ये कॅनो स्लॅलमच्या शर्यती तिथेच झाल्या. स्लॅलम म्हणजे उसळत्या पाण्यात टांगलेल्या खांबांमधून होडी काढायची. नवऱ्याने त्याचे व्हिडिओ इतक्या वेळा बघितलेत की झोपेतही त्याचा खांदा हलतो. “धुळ्यातून सकाळी सहाला निघालो तर दहाला पाण्यात!” असं तो म्हणायचा. मी म्हणायचे, “आपली होडी रबराची आहे, तिथले खडक दगडाचे आहेत.”

पण धुळ्याला मी हलकं लेखत नाही. पाण्याच्या बाबतीत ते जळगावपेक्षा जुनं-जाणतं शहर आहे. पांझरेवरची फड पद्धत तीन-चारशे वर्षांपासूनची. नदीवर लहान बंधारे, पाट काढलेले, आणि कुणाच्या शेताला कधी पाणी जाणार हे शेतकऱ्यांनी आपसात ठरवायचं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंग ठरवता येत नाही आपल्याला! आणि सर विश्वेश्वरय्या, ज्यांच्या नावाने आपण इंजिनिअर्स डे साजरा करतो, ते १८८४ साली तरुण असिस्टंट इंजिनिअर म्हणून आले ते याच भागात. पांझरेच्या पात्रातून सायफनचे पाइप टाकायचं काम त्यांच्या पहिल्या कामांपैकी. भर पावसाळ्यात, पूर आणि वाळू यांच्याशी झगडत त्यांनी ते केलं. त्यांनी बदलीच्या फॉर्मवर धुळे लिहिलं होतं का, कुणास ठाऊक.

पण शहरातून वाहणाऱ्या पांझरेत मे महिन्यात कॅनो नाही, क्रिकेट चालतं. नकाणे तलाव सुंदर आहे, पण ते धुळेकरांचं प्यायचं पाणी. आठवडाभर हंड्याची वाट बघणाऱ्या शहराच्या घागरीत आपण हौसेखातर होडी घालायची, हे मला पटेना. मग उरते तापी. शिंदखेड्याकडे सुलवाड्याचं बॅरेज आहे, त्याच्या वर पाणी थांबलेलं, रुंद, शांत. आम्ही तिथे गेलो तेव्हा एक म्हातारे बाबा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं लावत होते. तराफा म्हणजे काय, टीव्हीच्या खोक्यात येतो तसला थर्माकोल गोणपाटात शिवलेला. त्यांनी आमची कॅनो फुगताना शेवटपर्यंत बघितली. मग नवऱ्याला काहीच न विचारता मला विचारलं, “तुले पव्हता येस का वं?”

येतं, म्हटलं. तेव्हा कुठे त्यांनी बोटाने दाखवलं, इकडून जा, बॅरेजच्या बाजूला जाऊ नका. बरोबरच होतं त्यांचं. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला दरवाजा उघडला तर ओढ लागते आणि खालच्या अंगाला तर कधीच उतरू नये. तिथलं पाणी वरून साधं दिसतं, पण ते जागच्या जागी उलटं फिरत असतं, आणि त्यात सापडलेली वस्तू बाहेर येत नाही. लाइफ जॅकेट घातलेला माणूसही.

सुलवाडे आम्हाला आवडलं. पण धुळ्यापासून तास-सव्वा तास. पुन्हा पुण्याचाच हिशेब. आणि धुळे म्हणजे आईपासून नव्वद किलोमीटर. रात्री अकराला तिच्या छातीत दुखलं तर?

परतीच्या वाटेवर आम्ही यावरून चांगलेच भांडलो. गाडीत, कॅनोत नाही, म्हणून आवाज चढले. तो म्हणाला, “सगळंच आईच्या हिशेबाने ठरवायचं तर पाण्याचं नाटक कशाला?” मी म्हटलं, “सगळंच महेश्वरच्या हिशेबाने ठरवायचं तर बँक सोड आणि साड्या विक.” यानंतर पारोळ्यापर्यंत कुणी बोललं नाही.

मी मघाशी म्हटलेलं उलट उदाहरण तेव्हा त्यानेच काढलं. दत्तू भोकनळ. धुळ्याहून नाशिककडे जाताना चांदवड लागतं, त्या तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. दुष्काळी गाव. विहिरी खोदायच्या कामावर गेलेला मुलगा २०१२ मध्ये सैन्यात भरती झाला, पुण्यात रोइंगला लागला, २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये तेरावा आला आणि २०१८ च्या एशियाडमध्ये चौघांच्या बोटीत सोनं. रोइंग आणि कॅनोइंग वेगळं, रोइंगवाले उलटे तोंड करून बसतात, पण पाणी तेच. “ज्याच्या गावात पाणी नाही तो ऑलिम्पिकला जातो,” नवरा म्हणाला, “आणि आपण वीस मिनिटं की तीस मिनिटं करत बसलोय.” मी म्हटलं, त्याला फौजेने पाण्याजवळ नेऊन ठेवलं. आपल्याला बँक ठेवणार आहे. रकाना नीट भर.

तिसरा नंबर भुसावळ. खरं सांगायचं तर भुसावळचं नाव आम्ही फॉर्म भरायला तीन हवेत म्हणून घातलं होतं. भुसावळ म्हणजे जंक्शन, केळी आणि ऊन, एवढंच बहुतेकांना माहीत. लोक तिथे गाडी बदलतात, राहायला कोण जातं?

पण नकाशा उघडून बघा. मुलताईहून निघालेली तापी आणि विदर्भातून काळ्या मातीचा गाळ घेऊन येणारी पूर्णा चांगदेवजवळ भेटतात, आणि तिथून थोडं खाली हतनूरचं धरण. १९८२ साली पूर्ण झालेलं, एकेचाळीस दरवाज्यांचं. त्याचं बॅकवॉटर दोन्ही नद्यांमध्ये मागे शिरलेलं. म्हणजे एका पाण्यातून दोन नद्यांत जाता येतं. हिवाळ्यात तिथे स्थलांतर करून आलेली बदकं उतरतात, पक्षी बघणारे लोक दुर्बिणी घेऊन येतात. संगमाच्या एका काठाला चांगदेवांचं जुनं दगडी देऊळ, पलीकडे मुक्ताईचं क्षेत्र. आम्ही मे महिन्याच्या शेवटी गेलो तेव्हाही पाणी होतं. काठ मागे सरकला होता, गाळ सुकून त्याला फरशीसारख्या भेगा पडल्या होत्या, पण त्याच्या पुढे पाणी होतं. भुसावळपासून जवळचा काठ धरला तर अर्धा तास.

वीस नाही, तीस मिनिटं. पण यात ट्रॅफिक नाही. आणि दुसरी गोष्ट, जी फक्त खानदेशातल्या लोकांना कळेल: अपडाऊन. जळगाव-भुसावळ पंचवीसेक किलोमीटर, रेल्वेने अर्धा तास, दिवसभर गाड्या. अर्धं भुसावळ जळगावला नोकरीला जातं आणि अर्धं जळगाव भुसावळला. पास काढायचा, ठरलेल्या डब्यात ठरलेल्या मंडळींबरोबर बसायचं. त्या डब्यांत मुलींची लग्नं जमतात, भिशा चालतात, आणि हिवाळ्यात भरीत पार्टीचे दिवस ठरतात. आईकडे जाणं म्हणजे पुण्यात कोथरूडहून हडपसरला जाण्यापेक्षा सोपं.

फॉर्मवर भुसावळ पहिलं गेलं. बँकेत म्हणे सगळे हसले. भुसावळ पहिल्या पसंतीने मागणारा हा पहिलाच. लगेच मिळालं.

मग घर. आणि इथे मी तुम्हाला खरा अनुभवाचा सल्ला देते, कारण हे कुठल्याही प्रॉपर्टी पुरवणीत येत नाही. होडी असलेल्या माणसाने तळमजला बघावा. लिफ्ट आहे म्हणून फसू नका. लाइट गेली की अठरा किलोची ओली बॅग तिसऱ्या मजल्यावर तुम्हालाच न्यायची आहे. गच्ची मोफत मिळते म्हणून कॅनो तिथे ठेवू नका. खानदेशातलं मे महिन्याचं ऊन म्हणजे इस्त्री. फुगवलेली होडी तापली की आतली हवा पसरते आणि शिवण सुटते. अंगणात नळ हवा, कारण गाळ घरी धुवायचा नाही तर काय बाथरूममध्ये? सावली हवी, वाळवायला. उंदीर नकोत. उंदरांना पीव्हीसी का आवडतं हे मला माहीत नाही, पण आवडतं. आणि घरमालक समजूतदार हवा.

आमचे घरमालक रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. “होडी बाहेरून दिसली नाही पाहिजे. लोक विचारतील, पूर येणार आहे का.” तळमजल्याचा टू बीएचके, मागे अंगण, अंगणात कडुनिंब. दुसरी बेडरूम कॅनोची. पाहुणे आले की ती कॉटखाली जाते.

राहता राहिली आई.

मी ठरवलं होतं, आधी घर दाखवायचं, मग हळूहळू सांगायचं. ती आली, अंगण बघितलं, कडुनिंबाला हात लावला, स्वयंपाकघरात डबे कसे लावायचे ते सांगितलं. मग दुसऱ्या खोलीत गेली आणि बॅगेकडे बघून म्हणाली, “हे काय?”

नवऱ्याने सांगितलं. सरळ, एका दमात, होडी आहे, आम्ही दोघं जातो, चार वर्षं झाली. मी दाराला धरून उभी.

ती काही बोलली नाही. खाली बसली, बॅगेची चेन उघडली, लाइफ जॅकेट बाहेर काढलं. उलटसुलट करून बघितलं, पट्टे ओढून बघितले, बक्कल दोनदा लावून काढलं. “याने माणूस तरतो?”

“तरतो, आई.”

“पोहता येत असलं तरी घालता?”

“घालतोच.”

“त्याला येत होतं पोहता,” ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, जावयाकडे बघून, “कायले जाता पण त्या पाण्यात?”

कार्यालयातल्या त्या साहेबांनी विचारलेलाच प्रश्न. नवरा म्हणाला, “आई, तिथे ही माझ्याशी बोलते.” मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. म्हणाली, “तुझे बाबा आणि मी चाळीस वर्षांत एकदाच नावेत बसलो. चांगदेवला. तेव्हा ते खूप बोलले होते.” हे मला आजवर माहीत नव्हतं. त्यापुढे तिने काही सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

ती आमच्याबरोबर काठावर आलेली नाही. ये म्हटलं तर म्हणते, गुडघे दुखतात. पण तिने अटी घातल्या आहेत. उतरायच्या आधी एक मिस्ड कॉल, बाहेर आल्यावर एक. अंधारात नाही. वारा असला तर नाही. श्रावण-भाद्रपदात हतनूरचे दरवाजे उघडे असले तर त्या पाण्याचं नावही काढायचं नाही. या सगळ्या अटी मी कुठल्याही कोचकडून ऐकल्या असत्या तर त्याला फी दिली असती.

आता पावसाळा सुरू झाला की ती रोज सकाळी पेपर आधी मागच्या पानापासून उघडते, जिथे धरणांचे आकडे असतात. मागच्या रविवारी आम्ही बॅग गाडीत टाकत होतो तेवढ्यात तिचा फोन आला.

“बऱ्हाणपूरकडे पाऊस झालाय रात्री,” ती म्हणाली. “आठ दरवाजे उघडलेत. आज जाऊ नका. इकडे या, मी शेवभाजी करतेय.”

नवऱ्याने बॅग परत आत नेली आणि कॉटखाली सरकवली. आम्ही साडेदहाची गाडी पकडली.